तेलाखाली गेलेल्या गावाचा दाखला

१५ नोव्हेंबर २००५, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. रॉकेलचा वास आला की मला ती वेळ आठवते. ब्रिस्टलमधल्या आमच्या साइट ऑफिसात रॉकेलचा हीटर जळत होता आणि माझा नायजेरियन सहकारी नेहमीप्रमाणे दोघांचा चहा घेऊन आला. त्या दिवशी चहाबरोबर एक शपथपत्र होते. त्याच्या मुलीला मायदेशी तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरी मिळत होती. मात्र मूळ गावाचा पुरावा पाचच्या आत फॅक्सने पोचायला हवा होता. त्यांच्याकडे माणूस वडिलांच्या गावाचाच धरला जातो. मुलगी जन्मली, वाढली देशाच्या उत्तरेत, आणि तिथे ती परकी. वडिलांच्या गावी दाखला देणारे वडीलधारे, तेलवाहिनी फुटून खाडी मेल्यावर, केव्हाच पांगले होते; म्हणून ओळखीच्या कोणाचे शपथपत्र चालणार होते. “हे कुटुंब त्या गावचे असल्याचे मला ठाऊक आहे, एवढ्यावर सही करा, सर.” मी म्हणालो, “मी ते गाव पाहिलेले नाही.” तो हसला. “आता कोणालाच दिसणार नाही. पाण्यावर तेल आहे, काठावर माणूस नाही. तुमची सही काय सोन्याची आहे?” मी पेन खिशाला लावले. माझ्या पुण्याच्या अधिवास दाखल्यावर सही करणाऱ्या तहसीलदाराने मला कधी पाहिले नव्हते, हे मला आज आठवते. तेव्हा आठवले नाही. पाच वाजले. कागद घेऊन तो गेला. मी हीटर विझवला आणि दोन्ही कप धुऊन पालथे घातले.