न सरकणारं फुफ्फुस

"उजव्या फुफ्फुसात गाठ आहे. काढल्याशिवाय ती कसली आहे ते कळणार नाही," सर्जन म्हणाले. मी उठून त्यांना "थँक यू" म्हणालो, जणू बढतीचं पत्र मिळालं. मग दार समजून त्यांचं कपाट उघडलं.

छातीला छोटी भोकं पाडून दुर्बिणीने गाठ काढायची होती. "आधी टीबी, छातीत पाणी?" त्यांनी विचारलं. शेजारी बायको, नंदा. मी ठणकावून "नाही" म्हणालो.

लग्नाच्या आदल्या वर्षी नागपूरला माझ्या छातीत टीबीचं पाणी झालं होतं. सोयरीक मोडेल म्हणून घरच्यांनी दडवलं. पुढं एकतीस वर्षं मी दडवलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या सकाळी छातीची सोनोग्राफी. नंदा सोबत होती. डॉक्टरीणबाई बरगड्यांवर प्रोब फिरवत होत्या. "साँस लीजिए, अंकल... छोड़िए." श्वासाबरोबर फुफ्फुस छातीच्या भिंतीलगत सरकताना पडद्यावर दिसतं, त्याला 'लंग स्लायडिंग' म्हणतात. माझं वर सरकत होतं, काखेखाली ढिम्म. मी भात्यासारखी हवा ओढली. ढिम्मच.

इकडे हिंदी मुलखात, सोनागिरीजवळच्या कारखान्यात मी हयातभर अशाच ध्वनिलहरींनी वेल्डिंगमधल्या भेगा पकडल्या, आणि त्या लपवणाऱ्यांवर खेकसलो!

"यहाँ एडहीज़न्स हैं. फेफड़ा अंदर से चिपका है. पहला छेद यहीं होता तो फट सकता था. पहले कुछ हुआ था क्या?"

 आत्ताही खोटं बोलावंसं वाटलं, याचीच जास्त भीती वाटली.

"टीबी. लग्नाआधी."

नंदा म्हणाली, "एकतीस वर्षं! आणि मी प्रत्येक खोकल्याला हळदीचं दूध देत बसले." ती बाहेर गेली. मी छातीवरचं जेल न पुसताच बनियन चढवलं.

बाईंनी चिकटलेला भाग पेनने आखला आणि मोकळ्या जागी फुली मारली. दुसऱ्या दिवशी पहिलं भोक त्या फुलीवर पडलं. चिकटलेलं सोडवून गाठ काढायला चार तास लागले, पण फुफ्फुस फाटलं नाही. त्या बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर जुना आजार पहिल्याच दिवशी सांगा. लाज नंतर वाटून घेता येते.

गाठीचा रिपोर्ट अजून यायचाय. वॉर्डाचं दार वाजलं की येणाऱ्याच्या हातात कागद आहे का ते बघतो. नंदा माझ्याशी बोलत नाही. फक्त श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र तोंडापुढे धरते. आज माझ्या श्वासाने दोनच गोळ्या वर उचलल्या.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"बरं आहे" ओठांवर आलं होतं.

"खूप," मी म्हणालो. "आणि भीती वाटतेय."

तिने यंत्र खाली ठेवलं, खुर्ची पलंगाला लावली.