गच्चीवरच्या दोन छत्र्या

आमच्या गच्चीवर टीव्हीच्या दोन छत्र्या शेजारी शेजारी आहेत. एक माझी, दुसरी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या भावाची. दोन्हींची तोंडं दक्षिणेला, एकाच उपग्रहाकडे. तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला आकाशात एकाच जागी उभा असल्यासारखा वाटतो, असं मेकॅनिकने मला समजावलं होतं. म्हणजे मालिका तीच, वेळही तीच. टीव्ही तर माझाच मोठा, सीताबर्डीच्या बाजारातून घासाघीस करून आणलेला. तरी माझ्याकडे राहणारी आई संध्याकाळ झाली की गुडघे धरत जिना चढायची. वरून तिचं हसू ऐकू आलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिचं कारण मात्र बिनतोड होतं. उन्हाळा लागल्यापासून माझ्या टीव्हीवर सिग्नलच नव्हता. मेकॅनिक छत्री नीट करून जायचा आणि लगेच पुन्हा तेच. धाकट्याचं चित्र लख्ख. त्यानेच काहीतरी केलं असेल, इथवर माझी मजल गेली.

शेवटी एका दुपारी मीच गच्चीवर गेलो. आईने कुरडया वाळत घातल्या होत्या. पाखरांपासून जपायला वर जुनी साडी ताणली होती आणि तिचं टोक माझ्या छत्रीच्या दांड्याला करकचून बांधलं होतं. वाऱ्याने साडी फुगली की छत्री ओढली जायची. टाकीचा पाइप तर हाताशीच होता. मी गाठ सोडून त्याला बांधली. दुसऱ्या दिवशी साडी पुन्हा माझ्याच छत्रीला.

असं का करतेस, मी विचारलं. तिने लपवलं नाही.

"तुह्याकडं टीव्ही चांगला दिसते गा. पण तू मोबाइल पाहत बसतो. वर सून मले विचारते, आता काय होईन आई? मग मी सांगते."

भावजयीचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता. एवढासा प्रश्न, आणि तो तिला सुचावा!

मी छत्री सरळ करून घेतली. मोबाइल आतल्या खोलीत ठेवला, आईला शेजारी बसवलं. मालिकेत सासू दार अडवून उभी राहिली, तसं मी विचारलं, "आता काय होईन आई?"

आईचा चेहरा खुलला. तिला नक्की माहीत होतं.

"थांब," ती भिंतीला धरून उठत म्हणाली, "सुनेले सांगून येते."