भावजींचा बीटा

आमचे भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चाळीस वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासत होते. नोकरीतून निवृत्त झाले, पण डोळे काही निवृत्त झाले नाहीत. दाढ दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेले, खुर्चीत बसले, डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं, तर यांनी तोंड उघडून पहिलं वाक्य काय बोलावं? "पाटीवर 'क्लिनीक' लिहिलंय तुम्ही. दुसरी वेलांटी पहिली करा." त्या डॉक्टरांनी पुढे दाढ जरा जोरातच ओढली असं भावजी अजून सांगतात. मला त्यात डॉक्टरांची काही चूक वाटत नाही.

घरात सगळे त्यांच्या पाठीमागे त्यांना 'वेलांटी' म्हणतात. नाव मीच ठेवलं आहे. मेहुणीला एवढा हक्क असतोच.

असा माणूस संगणकाच्या नादी लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण झालं असं, की त्यांना कुठूनतरी बीटाचा पत्ता लागला. बीटा म्हणजे, संगणकाची नवी प्रणाली पक्की व्हायच्या आधी कंपनी ती कच्चीच काही हौशी लोकांना वापरायला देते आणि म्हणते, बाबांनो, चुका सापडतील तेवढ्या कळवा. शहाणी माणसं यापासून चार हात लांब राहतात. भावजींनी त्याच दिवशी नाव नोंदवलं. जगात कुणीतरी आपणहून चुका दाखवा म्हणतंय, हे वाचून ते इतके हळवे झाले की त्यांनी चष्मा काढून पुसला.

मराठी मेनूंमधली एकही चूक त्यांनी सोडली नाही. दोन वर्षं आणि अकरा पत्रं एवढा खटाटोप करून त्यांनी कंपनीला 'सुरु करा' हे 'सुरू करा' करायला लावलं. त्या पडद्याचा छापील कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. आलेल्या पाहुण्याला पाण्याआधी तो दाखवतात.

ताई मात्र बीटाला पहिल्या दिवसापासून 'बेटा' म्हणते. "तुमच्या बेट्याने आज काय दिवे लावले?" असं विचारते, आणि भावजी दर वेळी तिचा उच्चार सुधारतात. ती दर वेळी मुद्दाम चुकते. हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही, आणि मीही सांगणार नाही.

ताईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्न ठरल्यावर तिने भावजींना दोन पानी पत्र लिहिलं होतं. आठ दिवसांनी पत्र परत आलं. तेच पत्र. लाल शाईने सतरा दुरुस्त्या केलेल्या, आणि समासात बारीक अक्षरात शेरा: 'आशय उत्तम.' भावजींच्या लेखी ही प्रेमाची परिसीमा होती. ताई दोन दिवस जेवली नाही. लग्न केलं, संसार नेटका केला, पण त्यांच्या नजरेला पडेल असं एक अक्षर तिने पुन्हा लिहिलं नाही. चौतीस वर्षं. वाणसामानाची यादी ती चित्रं काढून देते. कांदा, साबण, काडेपेटी. तेलाची बाटली तर अशी हुबेहूब काढते की बघत राहावं. भावजींना वाटतं बायकोला चित्रकलेची आवड आहे. माणूस इतका हुशार असून इतका बावळट कसा असू शकतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तर त्या दिवसाकडे येऊ. मी शेजारच्याच इमारतीत राहते. सकाळी दहाच्या सुमारास ताईचा फोन आला. "ये जरा. यांचा बेटा रुसलाय."

मी गेले तर भावजी संगणकासमोर असे बसले होते जणू डॉक्टर आत रिपोर्ट आणायला गेलेत. पडद्यावर एक पांढरी चौकट होती. तीत पासवर्ड मागितला होता आणि खाली लिहिलं होतं, 'पाच चुकीच्या प्रयत्नांनतंर या संगणकावरील सर्व माहिती पुसली जाईल.'

"बघितलंस?" भावजी म्हणाले.

"बघितलं. सगळी माहिती पुसली जाणार."

"ते नव्हे. 'प्रयत्नांनतंर'. अनुस्वार 'त'वर दिलाय. फोटो काढून ठेवलाय मी."

मी कपाळाला हात लावला. पण त्यांचा आवाज कापत होता. कारण त्या संगणकात कोश होता.

'चुकांचा कोश' हे भावजींचं अकरा वर्षांचं काम. मराठी माणूस लिहिताना काय काय चुकतो, कुठे चुकतो, का चुकतो, याची साडेतीन हजार शब्दांची नोंदवही. एका प्रकाशकाने तीन वर्षं घोळवून शेवटी होकार दिला होता आणि त्या दिवशी चार वाजेपर्यंत मजकूर पाठवायचा होता. नाही पाठवला तर त्यांच्या यंत्रावर दुसरं पुस्तक चढणार आणि कोश पुन्हा रांगेच्या टोकाला. पण ती रांगेची गोष्ट नंतरची. आधी कोश शिल्लक राहायला हवा होता. आणि त्याची दुसरी प्रत नव्हती; सुरुवातीच्या वह्याही संगणकात उतरवून त्यांनी रद्दीत दिल्या होत्या.

"नाही म्हणजे? पेनड्राइव्हवर तरी ठेवायचा," मी म्हणाले.

"प्रती वाढल्या की चुका वाढतात," भावजी म्हणाले. हे छापखान्यातलं शास्त्र. एक प्रत दुरुस्त केली, दुसरी करायची राहिली, की झाला घोटाळा. म्हणून चाळीस वर्षं एकच प्रत. या शास्त्राने आता त्यांची पाचावर धारण बसवली होती.

"आणि आजच, कोश पाठवायच्या दिवशी, बीटा चढवायची काय गरज होती?"

"नव्या बीटात 'मुद्रण'मधली चूक दुरुस्त केली आहे असं कळलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. यावर बोलण्यासारखं बरंच होतं.

गंमत म्हणजे या संगणकाने सात वर्षांत कधी पासवर्ड मागितलाच नव्हता. बटण दाबलं की उघडायचा. भावजींनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडची मुलगी फार गोड बोलली. पासवर्ड पहिल्यापासूनच घातलेला असणार, दुकानवाल्याने न विचारता उघडायची सोय करून दिली असणार, आणि नव्या बीटाने ती सोय मोडली, एवढं तिने समजावून सांगितलं. मग म्हणाली, बीटा आपण स्वतःच्या जबाबदारीवर घेतला आहे. भावजींनी तिला विचारलं, "'जबाबदारी' तुमच्याकडे कशी लिहितात?" फोन कट झाला.

माझ्या येण्याआधीच दोन प्रयत्न वाया गेले होते. एकदा घरचा फोन नंबर, एकदा 'मुद्रितशोधक'. उरले तीन.

"संगणक घरी आला तेव्हा तुम्ही कुठे होता?" मी विचारलं.

"छापखान्यात."

"मग घरी कोण होतं?"

आम्ही दोघांनी ताईकडे बघितलं. ती दारात उभी राहून हातातलं फडकं सावकाश पिळत होती. त्यात पाणी नव्हतं.

"तो दुकानवाला म्हणाला, एक शब्द टाका, कुणाला कळणार नाही असा," ती म्हणाली. "पडद्यावरच क, ख, ग मांडून दिलं होतं त्याने. मी एकेक अक्षर दाबलं. मग तो म्हणाला, आता रोज मागणार नाही. म्हणून मी विसरूनही गेले."

"अगं पण शब्द कुठला?"

ताई माझ्याकडे बघायला लागली. मग छताकडे. मग म्हणाली, "दीडशहाणे."

भावजी म्हणाले, "कोण?"

"कोण म्हणजे? पासवर्ड आहे तो," ताई म्हणाली. मी पदर तोंडाला लावून खिडकीपाशी गेले.

पण भावजींना रागवायला सवड नव्हती. त्यांनी एकेक अक्षर नीट पाहून 'दीडशहाणे' लिहिलं. पडद्याने सांगितलं, चूक. उरले दोन.

"तुझ्या लक्षात नाही नीट," भावजी म्हणाले.

"शब्द तोच आहे."

"मग उघडत का नाही?"

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. "भावजी, तुम्ही बरोबर लिहिलंत. म्हणून उघडत नाही."

हे समजायला त्यांना वेळ लागला. मग मात्र त्यांचा चेहरा एकदम खुलला, कारण हा प्रांत त्यांचा होता. त्यांनी कागद ओढला. 'दी' ऐवजी 'दि' होऊ शकतो. 'ड'चा 'ढ' होऊ शकतो. 'शहा'चं 'शाहा' होतं. 'णे'चं 'ने' होतं. चार जागा, प्रत्येकी दोन शक्यता. "सोळा प्रकार," ते म्हणाले. "एक आपण वापरला. राहिले पंधरा." अकरा वर्षांच्या अभ्यासातून पंधरा चुका निघाल्या आणि प्रयत्न होते दोन.

"सर्वांत जास्त आढळते ती पहिली वेलांटी," त्यांनी निर्वाळा दिला आणि 'दिडशहाणे' लिहिलं. ते लिहिताना त्यांना काय यातना झाल्या ते मी जवळून पाहिलं आहे. पडदा म्हणाला, चूक. उरला एक.

भावजींचे हात मांडीवर होते. चौदा चुका आणि एक संधी. अकरा वर्षं हा माणूस पहाटे उठून लोकांच्या चुका वेचत बसला होता, आणि त्या क्षणी तो इतका म्हातारा दिसला की मला चेष्टा करवेना.

"ताई, तू कसं लिहिलं होतंस ते सांग," मी म्हणाले.

"मला काय माहीत कुठे चुकते ते? मी लिहिते तेव्हा ते बरोबरच असतं."

म्हणजे तिने स्वतः लिहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. भावजींच्याही ते लक्षात आलं. ते खुर्चीतून उठले. "बस. तूच लिही."

"नाही लिहिणार मी."

"अगं, का?"

मग ताई बोलली. आवाज न चढवता बोलली. "माझं पत्र परत पाठवलं होतंत. लाल करून. त्यानंतर मी तुमच्यासमोर काही लिहिलेलं आठवतंय का? चित्रं काढते ती हौस म्हणून काढत नाही. त्या दिवशी त्या दुकानवाल्याने सांगितलं, बाई, तुम्ही काय लिहिता ते दिसणार नाही, नुसते ठिपके दिसतील. मला इतकं बरं वाटलं. या घरात मला न तपासता लिहिता आलेली तेवढीच एक जागा आहे ती."

दुरुस्त करण्यासारखं त्या बोलण्यात काही नव्हतं.

"आशय उत्तम लिहिलं होतं मी," भावजी म्हणाले.

"वाचलं होतं ते."

"खरंच उत्तम होता. पाठ आहे मला ते पत्र." आणि मग हळूच, "पहिलं पान तरी."

ताईने फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि बसली. "तोंडं तिकडे करा दोघांनी."

आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मागे संगणकाच्या उंदराची, म्हणजे माउसची, टकटक ऐकू येत होती, मध्ये बराच वेळ थांबून, पुन्हा एक टक. भावजींचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

"झालं," ताई म्हणाली.

चौकटीत ठिपके होते, अक्षराचा एक आणि काना-मात्रा-वेलांटीचाही वेगळा एक. नऊ. भावजी पुटपुटले, "बरोबर शब्दाला आठ लागतात." म्हणजे कुठेतरी एक काना जास्त आहे, इथवर ते पोचलेच. आणि ठिपक्यांच्या शेजारी तो बारीक डोळा होता. त्याच्यावर दाबलं की ठिपके जाऊन अक्षरं दिसतात. भावजींनी उंदीर हातात घेतला. पडद्यावरचा बाण सरकत सरकत त्या डोळ्यापाशी गेला आणि थांबला. ताई बाणाकडे बघत नव्हती, भावजींकडे बघत होती.

बाण खाली आला. त्यांनी 'पुढे' दाबलं.

संगणक उघडला. कोश होता तिथेच होता. सव्वातीनला तो प्रकाशकाकडे गेला. भावजींनी त्याआधी त्याची एक जास्तीची प्रत काढून माझ्या हवाली केली, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी क्रांती. संध्याकाळी त्यांना राहवेना. "एवढंच सांग," ते म्हणाले, "वेलांटी पहिली की दुसरी?"

"कोशात बघा," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजच्या दारावर एक चिठ्ठी होती. चित्र नव्हतं. मोठ्या, एकमेकांपासून लांब लांब उभ्या असलेल्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दुध संपलं आहे.' मी तेव्हा तिथेच होते. भावजींचा हात खिशातल्या लाल पेनापर्यंत गेला. मग त्यांनी पिशवी घेतली आणि दूध आणायला गेले.

कोश यथावकाश छापून झाला. त्याची प्रूफं भावजींनी स्वतः चार वेळा वाचली होती. मी माझी प्रत घेतली आणि मुद्दाम 'द' उघडला. दीडशहाणा होता, दुरुस्ती होती, दूर होतं. दूध नव्हतं. माझ्याकडे ठेवलेल्या जास्तीच्या प्रतीत मात्र ते होतं, मी घरी जाऊन पाहिलं.

"भावजी, दूध राहिलं की हो," दुसऱ्या दिवशी मी म्हणाले.

त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. "नजरचूक," ते म्हणाले. स्वतःबद्दल हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. पलीकडे ताई टेबलाशी बसून वाणसामानाची यादी लिहीत होती आणि 'काडेपेटी'पाशी अडली होती. तिने मान वर करून त्यांना विचारलं, "'पे'च्या पुढे काय येतं हो?"

"तुला काय वाटतं ते लिही," भावजी म्हणाले.