पिठाचा डबा

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा अर्ज घेऊन मी सह्यांसाठी दारोदार फिरत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या सुमन आगटे यांनी दारातच विचारलं, "अंगठा चालेल का?" त्यांच्या मागे भिंतभर पुस्तकं दिसत होती. मला वाटलं, बाई थट्टा करताहेत, म्हणून मी हसले. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे शाईचं पॅड नाही असं सांगितल्यावर म्हणाल्या, "मग आमचं पाणी तेवढं बंद ठेवा," आणि दार लावून घेतलं.

अशा बोलण्याचं कोथरूडमध्ये कोणाला नवल वाटत नाही. मला नवल वाटलं ते अंगठ्याचं. पुढे ओळख वाढली तसं लक्षात आलं, की त्या काहीच लिहीत नाहीत. वाण्याची यादी फोनवर सांगायच्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायलासुद्धा मला हाक मारायच्या. बँकेत सही करायची असली की आदल्या दिवसापासून त्यांना जेवण जायचं नाही. मी मुद्रितशोधक आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढणं हे माझं काम. एकदा माझं पेन त्यांच्या टेबलावर राहिलं, तर त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणून दिलं. "अहो कानडेबाई, ही तुमची वस्तू. माझ्याकडे ठेवत जाऊ नका."

कारण कळायला दोन वर्षं गेली. एका दुपारी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. मी सहज म्हटलं, की जुन्या एका दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत तुमचं नाव पाहिलं. त्यांचे हात थांबले. मग शेंगांकडे बघतच त्यांनी सगळं सांगितलं.

त्या आणि त्यांचे यजमान तेव्हा खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत. सुमनताई कचेरीत कारकून होत्या आणि वर्षाकाठी दोन-तीन कथा लिहीत. शेजारी शालन नावाची बाई राहायची. नवरा तिला मारायचा. शालन चोरून शिवणाच्या वर्गाला जात होती आणि मुलीला घेऊन बहिणीकडे निघून जायच्या विचारात होती. वर्गाचं सर्टिफिकेट आणि एसटीच्या वेळा लिहिलेला कागद तिने पिठाच्या डब्यात, पिठाच्या खाली दडवून ठेवला होता. हे तिने एकट्या सुमनताईंना सांगितलं. सुमनताईंनी त्याची कथा केली. नाव बदललं, गाव बदललं, नवऱ्याचा धंदा बदलला. डबा मात्र तसाच ठेवला.

ती कथा छापलेला दिवाळी अंक क्वार्टर्समध्ये या घरातून त्या घरात फिरला. कोणीतरी हसत हसत शालनच्या नवऱ्याला ती गोष्ट वाचून दाखवली. त्याने घरी जाऊन डबा जमिनीवर उलटा केला. आठ दिवसांनी शालन खडकी स्टेशनाच्या पलीकडे रुळांवर सापडली. ती स्वतः गेली, की रूळ ओलांडताना चुकली, की आणखी काही झालं, याचा छडा कधीच लागला नाही. मुलगी नऊ वर्षांची होती. तिला गावी आजीकडे पाठवून दिलं.

"तो डबा काढून टाकला असता तरी गोष्ट उभी राहिली असती," सुमनताई म्हणाल्या. "पण मला तो आवडला होता. वाचताना माणूस तिथे थांबेल असं मला वाटलं होतं."

तेव्हापासून त्यांनी लिहिणं सोडलं. यजमान गेल्यावर तर माणसांतही जाणं सोडलं. कोणी ओळख काढून काही लिहायला मागितलं, तर उत्तर ठरलेलं असायचं: "त्या बाई वारल्या."

शालन गेल्यानंतर बावीस वर्षांनी तिची मुलगी आली. शनिवारची सकाळ होती. मी भाजी घेऊन जिना चढत होते, तर सुमनताईंच्या बंद दारासमोर, पायरीवर एक मुलगी हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "मी शालनची मुलगी असं म्हटलं आणि त्यांनी दार लावलं." मी तिला खाली माझ्या घरी आणलं. तिचं नाव रोहिणी. हिंजवडीत नोकरीला होती. तासाभराने सुमनताई स्वतःच जिना उतरून आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "बोल तुला काय बोलायचं ते. मी ऐकते."

रोहिणीचा आवाज चढला नाही. "मी भांडायला नाही आले. आणि माफ करायलाही नाही आले, हे क्लिअर असू दे. बाबा गेले मागच्या वर्षी. त्यांच्या कपाटात तुमच्या गोष्टीचा अंक होता, त्यातलं एक पान दुमडलेलं. आमच्या घरात आईचा फोटोसुद्धा ठेवलेला नाही. ती कशी बोलायची, हे मला आठवत नाही. तुम्हाला आठवतं. ते मला लिहून द्या."

"सांगते तुला. लिहायला सांगू नकोस."

"सांगितलेलं मी विसरेन. नऊ वर्षं तिचंच ऐकत होते. विसरले ना."

सुमनताई वर गेल्या. पुढचे तीन आठवडे त्यांनी मला हाक मारली नाही. दूधवाल्याच्या पिशव्या दाराला तशाच लटकत. मी बेल वाजवून पिशव्या आत दिल्या तर म्हणायच्या, "मेलेले नाही अजून. कळवेन." चौथ्या आठवड्यात बोलावणं आलं. कोरे कागद, पेन आणि मी, अशी त्यांची तयारी होती. त्या बोलणार, मी उतरवून घेणार.

पहिल्या दिवशी अर्धं पान झालं. मी ते वाचून दाखवलं. शालनच्या तोंडचं एक वाक्य होतं, आणि सवयीने माझ्या हातून ते प्रमाण भाषेत उतरलं होतं: "ताई, मी इथे मरायला नाही आले."

"असं नाही म्हणाली ती."

मी म्हटलं, अर्थ तोच आहे.

"तिचं मराठी सुधारू नका," त्या म्हणाल्या. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "आल्या दिवसापासून क्वार्टर्समध्ये सगळ्यांनी तिला सुधारलंच. मीसुद्धा. माझ्या कथेत ती अगदी शुद्ध बोलते." त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, माझी ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'ताई, म्या हितं मराया न्हाई आले.' अक्षर इतकं वाकडं आलं, की शेवटचं 'आले' कागदाच्या कडेबाहेर गेलं. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. पेन ठेवून त्या मोरीत गेल्या आणि ओकल्या. मी पाठीवर हात फिरवत राहिले. चूळ भरून परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि खालची ओळही त्यांनीच लिहिली.

नंतर त्या रोज सकाळी लिहायला बसत. काही दिवस चार ओळी होत, काही दिवस एकही नाही. मध्ये महिनाभर सगळं बंद पडलं. डब्याचं प्रकरण लिहायची वेळ आली होती आणि त्यांना ताप भरायचा. एकदा मी विचारलं, आता भीती वाटत नाही का? म्हणाल्या, "येते ना रोज. मी तिला चहा विचारत नाही, एवढंच."

रोहिणी एक शनिवार सोडून यायची आणि झालेली पानं तिथेच बसून वाचायची. फारशी बोलायची नाही. डब्याची पानं वाचून झाल्यावर तिने विचारलं, "तुमच्या गोष्टीमुळे गेली का ती?"

सुमनताईंनी तिच्या हातातली पानं घेऊन टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "बाकी कशामुळे गेली ते मला ठाऊक नाही. पण तो डबा माझ्यामुळे उघडला."

"हे लिहिलंय का तुम्ही?"

"नाही."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. त्या दिवशी रोहिणी चहा न घेताच गेली. पुढच्या खेपेला येईल की नाही, याची आम्हा दोघींनाही खात्री नव्हती. ती आली.

लिखाण संपलं तेव्हा सुमनताईंचं हृदय निम्म्याहून कमी चालत होतं. डॉक्टरांनी जिना बंद केला होता. सगळे कागद त्यांनी रोहिणीच्या हातात ठेवले. छापायचं की नाही ते तिने ठरवायचं, छापायचं नसेल तर ती एकटी वाचक पुरेशी आहे, असं त्यांनी तिला सांगितलं. "मागच्या वेळी कोणाला विचारलं नव्हतं," एवढंच पुढे म्हणाल्या. त्यानंतर त्या एक नवी कथा लिहायला लागल्या होत्या. तिची सहा पानं झाली. उन्हाळ्यात एका सकाळी आंघोळीला उठता उठता त्या खुर्चीतच गेल्या. वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही सातजण होतो. रोहिणी शेवटपर्यंत थांबली. रडली नाही.

वर्षभराने तिने छापायचं ठरवलं. मुद्रितं माझ्याकडे आली. प्रूफ तपासताना एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट, आणि दुसरा छापलेल्या पानावर नजर ठेवतो. हल्ली एवढं कोणी करत नाही, पण या पुस्तकाचं तसंच करावं असं मला वाटलं. रोहिणी म्हणाली, मी वाचते. सुमनताईंच्या वेड्यावाकड्या अक्षरातून ती दोन दिवस वाचत होती. शालनच्या बोलण्याशी आली की आधी अडखळायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते सगळं 'हितं' आणि 'न्हाई' तिच्या तोंडी बसलं.

मग रुळांचं पान आलं. ती थांबली. मी म्हटलं, हे पान मी एकटीच तपासते, तू जरा बाहेर जाऊन ये.

"नको. त्यांनी लिहिलं ना? मग मी वाचते."

ती पाणी प्यायली आणि वाचायला लागली. त्या सकाळी कोण कोण धावलं, पायात एकच चप्पल कशी होती, लुगड्यावर पांढरे डाग कसले होते ते कोणाला आधी कळलं नाही आणि मग ते पीठ असल्याचं कसं कळलं, हे सगळं तिने एका आवाजात वाचलं. प्रत्येक स्वल्पविराम म्हटला, प्रत्येक पूर्णविराम म्हटला. चूक एकही निघाली नाही. मी पानावर खूण केली. तिने कागद उलटला आणि पुढचं वाचायला घेतलं.