काळ्या दगडांवरून

सातुर्निना आयाविरे लोकांना वाळवंट दाखवायची, पण तिची स्वतःची नजर कायम जमिनीवर. पर्यटक ज्वालामुखीकडे बघून आ वासायचे, आणि ही खाली बघत पुढे चालायची. आमच्या सान पेद्रो गावात सगळे तिला सातुमावशी म्हणत. पन्नाशीची, बुटकी, उन्हाने रापलेली. मी, एवारिस्तो, सात वर्षं तिची गाडी चालवली. सहा-सात जणांचा गट घेऊन सकाळी निघायचं, मिठाची दरी, वाऱ्याने कोरलेले खडक, शेवटी घळीवरचा पॉइंट, आणि अंधाराच्या आत परत. हाच आमचा धंदा.

खाली बघायची सवय तिला सोळाव्या वर्षी लागली. त्याच्या आधी शेजारच्या देशाशी तंटा होता तेव्हा सैन्याने वर खिंडीत सुरुंग पेरले, तारेचं कुंपण घातलं, लाल पाट्या ठोकल्या आणि निघून गेले. काही वर्षांनी तिचा धाकटा भाऊ फेर्मीन कळपातून चुकलेल्या लामामागे त्या तारेखालून आत सरपटला. सातु बाहेर उभी होती. तिने घाबरून हाक मारली. तो वळला, आणि वळताना त्याने पाय टाकला.

‘मी हाक मारली नसती तर,’ एवढंच ती मला एकदा म्हणाली.

मी तिची गाडी चालवायला लागल्याच्या सातव्या वर्षी, फेब्रुवारीत डोंगरावर सलग नऊ दिवस पाऊस कोसळला. गावात थेंब नव्हता, पण ओढे लाल होऊन धावत होते. दहाव्या दिवशी ऊन पडलं आणि कंपनीचे मालक ऑस्वाल्दोसाहेब गाडीजवळ आले.

‘रस्ता उघडलाय. लोक चार दिवस खोळंबलेत. आज पॉइंट दाखवायचाच.’

‘साहेब, वरून काय काय वाहून आलंय, कुणी बघितलंय का?’

‘चिखल आलाय, दुसरं काय येणार? तू तर बाई, पाऊस नसतानाच भिजायला लागलीस!’

सातु हसली नाही. गाडीत बसली.

सहा जण होते. त्यात दक्षिणेकडचे एक निवृत्त शिक्षक, लिओपोल्दो, गळ्यात कॅमेरा, आणि त्यांची बायको ग्लादिस, गुडघ्यांनी अधू. सकाळ बरी गेली. खडकाच्या सावलीत पाव आणि अवोकाडो खाल्ला. गुरुजींनी भूगोलाचे प्रश्न विचारून सगळ्यांना भंडावून सोडलं. पण घळीकडे वळलो तसा वारा पडला. एरवी त्या माळावर विकुन्यांचे, लामाच्या रानटी भाऊबंदांचे, कळप असतात. त्या दिवशी एकही नव्हता. वाटेत चिखलात अर्धा गाडला गेलेला कोल्हा दिसला.

‘हळू घे,’ सातु म्हणाली. थोड्या वेळाने परत, ‘आणखी हळू.’

पॉइंटकडे जाणारी पायवाट दिसेनाशी झाली होती. पुराने आणून ओतलेली पांढरी खडी कड्यापर्यंत पसरली होती. सातुने रिवाजाप्रमाणे धरणीला कोकाची पानं वाहिली, मग ग्लादिसबाईंना उतरवायला वळली. तेवढ्यात गुरुजी निघालेसुद्धा. ‘उजेड जाईल!’ म्हणत थेट कड्यावर पोचले.

सातु त्यांच्या मागे जायला निघाली आणि जागीच थांबली. खडीतून तारेचं एक भेंडोळं वर आलं होतं. त्याला लाल पत्र्याचा तुकडा लटकत होता, त्यावर अर्धी कवटी. ते कुंपण तिथून दोन कोसांवर, वर खिंडीत असायला हवं होतं.

कुंपण खाली आलं होतं. मग कुंपणाच्या आतलं?

‘एवारिस्तो,’ ती अगदी शांतपणे म्हणाली, ‘सगळ्यांना गाडीत बसव. चाकोरी सोडू नकोस.’

ग्लादिसबाईंनी नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं. सातुने झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

‘हाक नाही मारायची, बाई. अजिबात नाही.’

मग ती एकटी खडीत शिरली. पुराने आणलेले दगड पांढुरके होते. जे मुळापासून तिथेच रुतलेले, त्यांची पाठ उन्हाने काळी पडलेली. ती फक्त काळ्या दगडांवर पाय ठेवत गेली. एका ठिकाणी तीन पावलांत एकही काळा दगड नव्हता. तिथे ती पोटावर झोपली, बोटांनी खडी चाचपली, फुंकर मारून वाळू उडवली, आणि मगच पाय टाकला. मी गाडीच्या दाराला धरून उभा होतो.

गुरुजींपासून दहा हातांवर ती बोलली.

‘गुरुजी, आहात तसेच उभे राहा. कडा खचतोय.’

‘काय सांगता!’

‘हो. आता मी सांगते त्याच दगडावर पाय. तो काळा. शाबास. तुमच्या गावाला माशाचं कालवण कसं करतात हो?’

‘आत्ता? बटाटा घालून...’

‘आणि कोथिंबीर? डावा पाय इकडे. माझ्या पावलावर पाऊल.’

त्या तीन पावलांच्या जागी गुरुजींचा तोल गेला आणि डावी टाच जराशी घसरली. सातुचा चेहरा राखेसारखा झाला. आवाज मात्र तोच. ‘कांदा आधी परतता की नंतर?’

गाडीत बसल्यावर गुरुजी म्हणाले, ‘बाई, घाबरवलंत उगाच. कडा चांगला भक्कम होता.’ सातु गाडीमागे जाऊन ओकली.

‘टाचेपासून वीतभर,’ तिने नंतर मला सांगितलं. ‘बुटाच्या पॉलिशची डबी असते ना, तेवढा सुरुंग. सांगितलं असतं तर त्यांनी उडी मारली असती.’

गावात पोचल्यावर ती तडक पोलीस ठाण्यात गेली. ऑस्वाल्दोसाहेब दारात आडवे आले. ‘बोभाटा करशील तर सगळ्या गावाचा धंदा बसेल. एक पण माणूस येणार नाही.’

‘नको येऊ दे.’

‘मग माझ्याकडे पण तू नको.’

सैन्याची माणसं आली. अकरा दिवसांत त्या खडीतून त्यांनी चार सुरुंग काढले. पॉइंट बंद झाला आणि सातुची नोकरी गेली. पण तिला घोर लागला होता तो वेगळाच. ती खडी आणणारा ओढाच खाली तिच्या आईच्या कुरणातून जातो, आणि चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी रोज तिथे शेळ्या नेते. मीच सातुला ट्रकने तिकडे घेऊन गेलो.

‘कुठे पाय टाकायचा नाही ते मला फेर्मीन गेल्यापासून ठाऊक आहे,’ म्हातारी म्हणाली.

‘आता ते बदललं, आई.’

‘जमीन कधी बदलते का?’

सातुने शेळ्या दाव्याने बांधून ट्रकमध्ये चढवल्या आणि आईलाही उचलून पुढे बसवलं. म्हातारी सगळा हिवाळा लेकीशी एक शब्द बोलली नाही. शेळ्या गावातल्या परसात घास खात राहिल्या.

सैन्याचं शोधकाम पॉइंटखालच्या रस्त्याच्या वळणाशी थांबलं. त्याखाली, कुरणाकडे जाणाऱ्या ओढ्यात अजून कुणी शोधलेलं नाही, आणि त्यानंतर डोंगरावर तीनदा मोठा पाऊस झाला आहे.