देसले सरांची स्पॅनिश

देसले सर सकाळी शिक्षकखोलीच्या दारातूनच मोठ्याने म्हणायचे, "ओला!" पहिल्या दिवशी मी पदर चाचपून पाहिला. शिपाई सखाराम तर फडकं घेऊन धावला, "कोठे ओलं शे, सर?" स्पॅनिशमध्ये नमस्काराला 'ओला' म्हणतात, असं सरांनी आम्हाला समजावलं आणि सखारामला त्या अहिराणी 'शे'बद्दल झापलं.

धुळ्यातल्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत, मी भूगोल. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एका रद्दीच्या दुकानात त्यांना 'घरबसल्या शिका' छापाचं स्पॅनिशचं पुस्तक मिळालं, पहिली वीस पानं नसलेलं. "सुरुवात काय, कुणालाही जमते," म्हणत ते एकविसाव्या पानापासून शिकले. धुळ्यात स्पॅनिश बोलायचं कुणाशी? एका मासिकातल्या पत्रमैत्रीच्या सदरातून त्यांनी मेक्सिकोतल्या डोंगरी गावातली एलेना नावाची शिक्षिका गाठली. तिचं पत्र आलं की माझा नकाशा मागून नेत, आणि त्यात तिचं गाव नाही म्हणून मलाच बोलत.

वर्गात मात्र सर कडक. कुणाच्या तोंडून अहिराणी निसटली की त्याला बाकावर उभं करत. "घरची भाषा चपलेसारखी दाराबाहेर ठेवायची!" स्वतः नरडाण्याजवळच्या खेड्यातले, पण त्यांच्या आई, म्हणजे अक्का, शाळेत आल्या तरी सर त्यांच्याशी पुस्तकी मराठीच बोलत. अक्का माझ्याकडे बघून हसायच्या. "मना पोर्‍या सायेब व्हई गया. आते माले दुभाष्या लागस."

आणि मग एलेनाचं ते पत्र आलं. 'इतकी छान स्पॅनिश घरीच शिकलात का?' असं सरांनी तिला विचारलं होतं. तिने लिहिलं, "घरी आम्ही आजीची नाहुआत्ल भाषा बोलतो. स्पॅनिश मला शाळेत मारून शिकवली. आजीचा शब्द तोंडात आला की हातावर छडी बसायची. तुम्ही टोमॅटो म्हणता ना, तो शब्द मुळात आजीच्या भाषेतला. तुमच्या आईची भाषा कोणती? तिचे दोन शब्द पाठवा."

दोन दिवस सर कुणालाच 'ओला' म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, मी तिला मागेच कळवलंय, आमच्या घरी शुद्ध मराठी बोलतात. आता काय लिहू?"

"खरं लिहा," मी म्हटलं.

त्याच दिवशी ते नववीच्या वर्गात गेले. मी शेजारच्या वर्गात होते. "पोरेहो, मनं चुकनं," असं सरांच्या आवाजात, चक्क अहिराणीत ऐकलं आणि माझा खडू थांबला. त्यांनी फळ्यावर टोमॅटो काढला. दारातून पाहिलं तर तो भोपळा वाटत होता. "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" सुमली उठली. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा आदिवासी वस्तीतली, इथे वसतिगृहात राहणारी, वर्षभर हजेरीपलीकडे न बोललेली मुलगी. ती टोमॅटोवर थांबली नाही. रानभाज्या, झाडं, पाखरं, सगळ्यांची नावं सांगत सुटली. सर वहीत उतरवून घेत होते.

"असं नाही सर, पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

देसले सरांना असं सांगणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. सरांनी मुकाट्याने पुन्हा म्हटलं.

त्यानंतर रविवारी अक्का पत्र सांगायच्या आणि सर ते स्पॅनिशमध्ये लिहायचे. "लिही, तुनी आजीना गुडघा दुखतस का?" एलेनाच्या आजीचेही दुखत होते. दोघींचं मेतकूट जमलं.

तीन-चार वर्षांनी अक्का गेल्या. सरांनी एलेनाला कळवलं. तिचं उत्तर त्यांनी एकेक वाक्य मराठीत करत मला वाचून दाखवलं. एलेनाच्या गावात वर्षातून एकदा गेलेल्या माणसांसाठी घरात फुलं मांडतात, तीही झेंडूची. या वर्षी आजीने आपल्या माणसांच्या रांगेत अक्कांच्या नावाचा कागद ठेवला होता. "आजी विचारते," एलेनाने लिहिलं होतं, "तुमच्या आईला त्यांच्या भाषेत कसं बोलवायचं? स्पॅनिशमध्ये बोलावलं तर त्या यायच्या नाहीत."

सरांनी कोरा कागद पुढ्यात ओढला आणि रोमन लिपीत सावकाश लिहिलं, "ये व माय."

मराठीतला 'गं', तोच अहिराणीतला 'व'. मग सर माझ्याकडे वळून म्हणाले, "तो 'व' जरा ओढून म्हणायचा असतो. तो कसा लिहू हो, बाई?"