दोब्रिंकाची बिनतिकीट मंडळी

लोवेचच्या दातांच्या दवाखान्यात दोब्रिंका मिनेवा एकतीस वर्षं परिचारिका होती. तेवढ्या काळात डॉक्टर तीन झाले आणि खुर्च्या दोन, दोब्रिंका मात्र तीच राहिली. तिचा हात हलका आणि जीभ तिखट, असं गावात म्हणत. रडणारी पोरं तिच्या हातून गप्प होत आणि कुरकुरणारी म्हातारी माणसं तिच्या जिभेनं.

तिसरे डॉक्टर म्हणजे कालिन. याच दवाखान्यात सहा वर्षांचा कालिन दुधाच्या दातासाठी खुर्चीत बसून भोकाड पसरायचा, तेव्हा त्याचं डोकं दोब्रिंकानंच धरलेलं. प्लोवदिवहून शिकून आला तो डॉक्टर होऊन, आणि आल्या आल्या त्यानं काय केलं? तर बाहेरच्या खोलीत जिथं पेशंट ताटकळत बसत, तिथं समुद्राच्या पाण्याची ही मोठी काचेची पेटी आणून ठेवली. माशांकडे बघून माणसाची भीती उतरते, असं त्याचं म्हणणं.

पेटीत मांडायचे दगड बुर्गासहून आले. तिथल्या एका गृहस्थानं अकरा वर्षं सांभाळलेली आपली अशीच समुद्रपेटी मोडीत काढली होती. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, खारट वासाचे, भोकाभोकांचे दगड.

"मावशी, हे नुसते दगड नाहीत हं," कालिन म्हणाला. "जिवंत दगड आहेत."

"दगड जिवंत, आणि माणसं खुर्चीत मेल्यासारखी पडलेली," दोब्रिंका म्हणाली. "छान दवाखाना आहे."

तिसऱ्या दिवशी काच पुसताना तिला एका दगडाच्या फटीतून बोटभर लांब, तांबूस किडा बाहेर येताना दिसला. दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांचे झुबके. दोब्रिंकानं मागचापुढचा विचार न करता तो चिमटीत धरला आणि दुसऱ्याच क्षणी असा हात झटकला की खोलीतले तीन पेशंट उठून उभे राहिले. ते केस नव्हते, काचेसारखी कुसळं होती. अर्धा तास कालिन डोळ्यांना भिंग लावून, चिकटपट्टी ओढून ओढून तिच्या बोटांतली कुसळं काढत होता.

"एकतीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालतेय," ती म्हणाली, "एक माणूस चावला नाही. आणि हा बोटभर!"

"सापळा लावून सगळे संपवतो."

"थांब. आधी त्याचं नाव काय ते बघ."

कालिननं संगणकावर शोधलं. तो किडा उरलंसुरलं अन्न आणि मेलेलं मांस खाऊन दगड स्वच्छ ठेवणारा निघाला. जिवंताच्या वाटेला सहसा जात नाही. दोब्रिंकानं फुंकर मारत मारत बोटं बघितली आणि तिला हसू आलं.

"म्हणजे हा तर माझ्याच खात्यातला. दुसऱ्यांनी केलेली घाण काढणारा. राहू दे त्याला."

त्या दिवसापासून तिचं त्या पेटीत लक्ष लागलं. डबा खाताना, हातात चीज भरलेल्या बानित्साचा तुकडा आणि समोर आयरान नावाच्या ताकाचा पेला घेऊन, ती काचेला नाक लावून बसे. कुणी आणलं नव्हतं, कुणी मागवलं नव्हतं, असे जीव दगडांच्या पोटातून रोज बाहेर पडत होते. तिनं त्यांना नाव दिलं, बिनतिकीट मंडळी. मासे विकत घेतलेले, पोवळी विकत घेतलेली. ही मंडळी मात्र दगडात दडी मारून कुठल्या कुठल्या समुद्रातून आलेली.

पण शहाणपण फुकट आलं नाही. पहिल्या वसंतात एका दगडावर पारदर्शक, तपकिरी फूल उगवलं. नाजूक देठ, वर हलणाऱ्या बारीक दोऱ्यांचा झुपका. पेशंट म्हणाले, काय सुंदर! मग कळलं की ते फूल नव्हेच, शेजारच्या पोवळ्यांना डंख मारून जाळणारा प्राणी आहे. दोब्रिंकानं दातांवरचं कीटण काढायचं हत्यार घेतलं आणि फूल मुळापासून खरवडून काढलं. तिला वाटलं, काम फत्ते. पण खरवडताना उडालेल्या कणाकणातून नवं फूल उगवलं. चौथ्या आठवड्यात तिनं मोजली तर सदतीस.

"मीच पेरली की!" ती कालिनला म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

मग तिनं इंजेक्शनची बारीकात बारीक सुई घेतली. चुन्याची दाट पेज केली. पाण्याचा पंप बंद करायचा, हाताची सावली पडू द्यायची नाही, आणि फूल अंग चोरून घ्यायच्या आत त्याच्या तोंडात थेंब सोडायचा. घाबरलेल्या माणसाच्या हिरडीत सुई देणाऱ्या डॉक्टरांचा हात इतकी वर्षं ती बघत आली होती. तेच तंत्र तिनं उचललं. तीन महिन्यांत सदतीसची दोन झाली, मग एकही नाही.

यातून तिचा नियम ठरला. आधी नाव, मग न्याय. ओळख पटल्याशिवाय कुणाला मारायचं नाही, आणि पटल्यावर दयामाया करायची नाही. काचेवर धावणारे पांढरे ठिपके दिसले की ती खूश होई. ते ठिपके म्हणजे माशांची भाकरी. केसाळ पायांचा, काळ्या नख्यांचा खेकडा दिसला की पेल्यात मांसाचा तुकडा ठेवून, पेला तिरका टेकवून त्याला पकडायचं. चढतो आत, गुळगुळीत काचेवरून बाहेर येता येत नाही. नखाएवढ्या पांढऱ्या चांदण्या, म्हणजे इवले तारामासे, काचेवर असल्या तर असू द्याव्यात, पोवळ्यावर चढल्या तर उचलाव्यात. हळूहळू तिचं नाव पसरलं आणि रुसेहून, सोफियाहून अनोळखी माणसं फोटो पाठवून विचारू लागली, "दोब्रिंकाताई, हे काय आहे हो?" आणि ती उत्तर द्यायची, "हात लावला नाहीस ना अजून? मग ठीक. आता सांग, पाय किती?"

असं करता करता तीन वर्षं सरली. जानेवारीत पेटीतली मऊ पोवळी कात्रीनं कापावी तशी कापलेली दिसू लागली. मग पिवळा मासा नाहीसा झाला. पेशंटचा तो लाडका होता. त्याच्या मागून आठवड्यात निळाही गेला. ना हाड, ना खवला.

कालिन वैतागला. "पुरे झालं. सगळे दगड काढून गच्चीवर टाकतो. थंडीत गोठतील, जे आहे ते मरेल. नवे आणू."

"त्या दगडांत हजार जीव आहेत," दोब्रिंका म्हणाली. "एका चोरासाठी अख्खं गाव जाळायचं?"

"चोर कोण ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"नाही. म्हणून तर आठवडा दे."

दवाखान्याच्या टोकाला एक छोटी अंधारी खोली होती. आधीच्या डॉक्टरांच्या काळात तिथं दातांचे फोटो धुवत. तिथला लाल दिवा अजून चालत होता. अशा जिवांना लाल उजेड फारसा दिसत नाही, हे तिनं वाचलं होतं. तिनं दिवा काढून पेटीपाशी लावला आणि सकाळी पेटीतले दिवे लागायच्या आत, साडेसहाला, ती येऊन बसू लागली. पहिल्या दिवशी गोगलगायी दिसल्या. दुसऱ्या दिवशी काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी मधल्या मोठ्या दगडाच्या भोकातून पाच मिशा बाहेर आल्या.

मिशांमागून डोकं आलं. डोक्यामागे मानेवर पांढरं कडं, गळ्यात घातल्यासारखं. मग अंग येऊ लागलं. करंगळीएवढं जाड, कड्याकड्यांचं, प्रत्येक कड्याला दोन इवले पाय आणि पायांपाशी लालभडक पिसारा. दोब्रिंकाला वाटलं, आता शेपूट येईल. शेपूट येईना. तो वाळूवर उतरला, पलीकडच्या दगडावर चढला, वळसा घालून पोवळ्यापर्यंत पोचला, तरी त्याचं मागचं अंग भोकातच. तिनं हातातली विजेरी क्षणभर लावली. तपकिरी कातडीवर एकदम जांभळा, हिरवा, सोनेरी रंग पसरला, पाण्यावर तेल पसरावं तसा. आणि मग तो दगडात परत गेला, इतक्या झपाट्यानं की वाळूचा धुरळा तेवढा उरला.

किंचाळायचं तिच्या मनातही आलं नाही. ती खुर्चीवर बसून राहिली. तीन वर्षं त्या दगडापासून वीतभर अंतरावर बसून तिनं रोज दुपारी डबा खाल्ला होता.

कालिनला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी तो कोटासकट येऊन बसला. मिशा आल्या, डोकं आलं, अंग येत राहिलं. कालिननं तिचं मनगट धरलं, लहानपणी खुर्चीत धरायचा तसं.

"मावशी," तो कुजबुजला, "संपत का नाही हा?"

"मलाही तेच विचारायचंय."

संगणकावर शोधून नाव कळलं, त्या पहिल्या किड्याच्याच कुळातला, पण मासे आणि पोवळी खाणारा राक्षसी समुद्रकिडा. न्यायही ठरला. पेटीत ठेवणं शक्य नव्हतं. पण मारायला दोब्रिंका तयार होईना. गुरुवारी त्यांनी तो मोठा दगड उचलून समुद्राच्या पाण्याच्या टबात ठेवला. दगडात भोकं चौदा. तिनं सोडावॉटरची बाटली फोडली, पिचकारी भरली आणि एकेका भोकात थेंब थेंब सोडू लागली. त्या पाण्यात जीव गुदमरतो, मोकळ्या पाण्याकडे धावतो. बाहेरच्या खोलीतले पेशंट टबाभोवती जमा झाले. इलियाआजोबा निवृत्त वनरक्षक. इंजेक्शन घेऊन दाढ बधिर व्हायची वाट बघत होते, तेही गालावर हात धरून आले.

आठव्या भोकातून मिशा आल्या. मग डोकं, मग हातभर अंग. आणि तो थांबला. कालिननं चिमटा उचलला.

"ओढू नकोस!" दोब्रिंका ओरडली. "तुटला तर अर्धा आत राहील, आणि राहिलेलाही पुन्हा वाढू शकतो. मुळासकट दाढ कशी काढतोस? हलवत, थांबत, धीरानं. मीच शिकवू का आता?"

कालिननं गुपचूप चिमटा खाली ठेवला. तिनं मागच्या भोकात आणखी दोन थेंब सोडले. अंग पुढं सरकलं. पुन्हा थांबलं. पुन्हा दोन थेंब. पाऊण तास हे चाललं. शेवटचं कडं बाहेर पडलं तेव्हा तो टबाच्या कडेकडेनं दीड वेढा घालून पसरला होता, आणि खिडकीतल्या उजेडात अंगभर इंद्रधनुष्य हलत होतं. दोब्रिंकानं दात साफ करायचा दोरा टबाच्या कडेनं धरून त्याची लांबी घेतली. एक मीटर अठरा.

"चाळीस वर्षं जंगलात काढली," इलियाआजोबा अर्ध्या बधिर तोंडानं म्हणाले, त्यामुळे शब्द वाकडे येत होते, "अस्वल पाहिलं, लांडगे पाहिले. असलं काही पाहिलं नाही. आणि ते दाताच्या दवाखान्यात!"

"आजोबा, दाढ?" कालिननं विचारलं.

"दाढ पळून जात नाही. मला बघू दे."

त्या अंधाऱ्या खोलीत दोब्रिंकानं त्या किड्यासाठी वेगळी पेटी मांडली आणि लाल दिवा परत तिथं नेला. वाळू, दगड आणि पाइपाचा एक तुकडा. पंधरवड्यानं तिनं बुर्गासच्या त्या गृहस्थाला फोन लावला. त्यांचं नाव अस्पारुख.

"तुमच्या दगडांत एक प्राणी होता," असं म्हणून तिनं सगळं सांगितलं.

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"माझ्याकडे अकरा वर्षं होता म्हणता?"

"तुमच्याकडे अकरा, आमच्याकडे तीन. त्याआधी समुद्रात किती, देव जाणे."

"अहो बाई," अस्पारुख हळू आवाजात म्हणाले, "माझे मासे नाहीसे व्हायचे. मी बायकोच्या मांजराला दोष दिला. ते मेहुणीकडे पाठवून दिलं. बायको वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही."

मार्चमध्ये एका दुपारी ते दोघं साडेचार तास गाडी हाकत लोवेचला आले. अस्पारुख उंच, ओशाळलेले. बायको, स्तिलियाना, बुटकी आणि ताठ. सोबत तिनं घरच्या ल्युतेनित्साची, मिरची-टोमॅटोच्या चटणीची, बरणी आणली होती. दोब्रिंकानं त्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं, लाल दिवा लावला आणि शिंपल्यातलं मांस दोऱ्याला बांधून पाण्यात सोडलं.

पाइपातून मिशा आल्या. मग तो सगळा आला, अगदी सावकाश, पिसारे हलवत, कडं एकामागून एक. अस्पारुखांनी टोपी काढून हातात घेतली. स्तिलियाना काचेच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासानं काच धुरकट झाली. मांस घेऊन तो परत गेल्यावरही ती हलेना.

"हा आमच्या दिवाणखान्यात होता," ती म्हणाली. "आमच्या लेकीचं लग्न त्या पेटीसमोर ठरलं. त्या वेळीही हा आत असणार."

"असणार," दोब्रिंका म्हणाली.

"आणि आम्ही मांजर हाकललं." ती नवऱ्याकडे वळली, पण रागावली नव्हती. "अस्पारुख, तो आणखी एकदा येईल का ते विचार ना. आपल्याला घाई नाहीये."

दोब्रिंकानं दुसऱ्या शिंपल्याला दोरा बांधायला घेतला.